पेटीची आजी

शिडीताईला नको तिथे हसू यायचं. आनंदाने हसणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. हिला भीती वाटली, संकोच झाला, रडू दाटून आलं, की आधी खुदकन हसूच फुटायचं. लहानपणी बाईंनी छडी उगारली की ही खिदळायची आणि एक छडी जास्तीची खायची. फायर ब्रिगेडच्या मुलाखतीतही ती हसली होती. समोरच्या साहेबांना वाटलं, पोरगी भलतीच धीट आहे. त्यांनी तिला थेट उंच शिडीवर चढायला सांगितलं. ती खरोखरच सरसर चढली आणि तेव्हापासून तिचं शिडीताई हेच नाव पडलं.

गोदामाच्या आगीत छत कोसळून तिच्या केंद्रातले तीन जवान गेले, त्याला आता वर्ष होत आलं होतं. त्यांतला एक म्हणजे भाऊ; केंद्रात सगळे त्याला ह्याच नावाने हाक मारायचे. शिडीताई वर असायची तेव्हा शिडीचे खालचे खटके भाऊच्या हातात असायचे. "आभाळाला टेकलीस की हाक मार गं, थांबवतो!" असं तो दर वेळी खालून ओरडायचा. शोकसभेच्या दिवशी साहेबांनी तिला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "तू मागेच थांब. कुणी विचारलं तर घसा बसलाय म्हण." त्यांचंही बरोबर होतं. ती मागच्या नळाखाली डोकं घालून तासभर हसली, आणि ते हसू नव्हतं हे नळ सोडून कुणाला कळलं नाही.

त्यानंतर त्या तीन घरांकडे तिला कुणी पाठवलंच नाही. मदत मात्र धो धो येत होती. केंद्राची मागची खोली गच्च भरली होती: ब्लँकेटं, पंखे, भिंतीवरची घड्याळं, एका डेंटिस्टने पाठवलेले खोकंभर टूथब्रश. एका दुकानदाराने तर नुसते डाव्या पायाचे गमबूट पाठवले होते. उजवे निघालेत, रस्त्यात आहेत, असं तो अधूनमधून फोन करून सांगायचा. दोन घरांनी त्यातलं हवं ते घेतलं. भाऊच्या घरून मात्र एकेक वस्तू बूमरँगसारखी परत येत होती. जो जाईल तो हात हलवत, किंवा खरं म्हणजे ब्लँकेट हलवत, परत.

"सगळे जाऊन आले. आता तूच राहिलीस," साहेब शेवटी म्हणाले. त्यांनी तो निर्णय आजारी माणूस कडू औषध घेतो तसा घेतला होता. "मामाला बरोबर घे. आणि हे बघ, हसू आलं तर जीभ चाव."

मामा म्हणजे केंद्राचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. बंब चालवण्यापेक्षा भोंगा वाजवण्यावर त्याचा जीव जास्त. तो खाली गाडीत थांबला आणि शिडीताई तिसऱ्या मजल्यावर चढून गेली.

"ब्लँकेट असेल तर तिथूनच मागे फिरा!" दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला. भाऊच्या आईने उभं आयुष्य बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलं होतं. आवाज असा, की बंद दाराबाहेर उभ्या माणसालाही आपण एक पाऊल पुढे सरकावं असं वाटायचं.

"ब्लँकेट नाही, आजी."

"मग घड्याळ असेल. आमच्याकडे आहे. वेळ कळते आम्हाला."

"काहीच नाही आणलं. मी शिडीताई."

दार उघडलं. आत भाऊची बायको टेबलाशी चहाचा कप धरून बसली होती. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची, त्यामुळे कुणी आत आलं की आधी त्याचे पाय कुठे पडतायत ते बघायची. केंद्रात सगळे तिला वहिनी म्हणायचे. तिने मानेनेच बस म्हटलं. बसायला एकच खुर्ची मोकळी होती. दुसऱ्या खुर्चीवर भाऊचे कपडे घडी करून ठेवले होते, वर त्याचा निळा स्वेटर. कोपराला ठिगळ लावलेला.

शिडीताईला रडू दाटून आलं. म्हणजे आता काय होणार हे तिला पक्कं माहीत होतं. तिने जीभ चावली. "वहिनी, तुम्हाला… काही… हवं असेल तर…"

"काही नको गं," वहिनी म्हणाली. मग तिची नजर त्या खुर्चीवर गेली. "हां, एक पेटी मिळाली तर बघ. मोठी असली तर बरं."

"हो!" शिडीताई किंचाळलीच, आणि दाराबाहेर पळाली. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिने कसंबसं तोंड दाबून धरलं. मग जिन्यात असं हसू फुटलं की एका घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"काय झालं? परत हाकललं?" मामाने विचारलं.

"नाही! मागितलं! पेटी हवीय. मोठी."

"कसली पेटी?"

शिडीताईने वरच्या मजल्याकडे पाहिलं. हे विचारायचं राहिलंच होतं. पण परत वर जायचं म्हणजे परत तो स्वेटर.

"अगं, वाजवायची पेटी!" मामानेच गुंता सोडवला. "वहिनीच्या सासूबाईंचा आवाज इथपर्यंत आला. गाणाऱ्या बाईशिवाय असा आवाज असतो का कुणाचा? वर्षभर गळा मोकळा केला नसेल बिचारीने."

हे इतकं पटण्यासारखं होतं की शिडीताईला पटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने फोन फिरवायला सुरुवात केली. वाद्यांच्या दुकानात छोट्या पेट्या होत्या, मोठी नव्हती. मग ही शोधाशोध कानावर जाऊन स्टेशनसमोरच्या जुन्या हॉटेलच्या मालकाचा आपणहून फोन आला. त्याच्या भटारखान्याचं धुराडं एकदा पेटलं होतं ते ह्याच केंद्राने विझवलं होतं, आणि सगळ्यांत आधी आत शिरला होता भाऊ.

"पेटी काय घेऊन बसलात!" मालक भरल्या गळ्याने म्हणाला. "माझ्या दिवाणखान्यात पेटीची आजी उभी आहे! पियानो! त्या माणसाच्या घरी जाणार असेल तर आत्ता न्या!"

त्याचा गळा दाटलेला ऐकून शिडीताईला खुदकन हसू आलं. मालकाला वाटलं, केवढा आनंद झाला पोरीला. तो आणखीच रडला.

पियानो आला. आला म्हणजे, वहिनीच्या इमारतीखाली आला. चार जणांनी तो जिन्याच्या तोंडाशी नेला, वळवला, तिरका केला, उभा केला, आणि एकमताने ठरवलं की जिना बांधणाऱ्याच्या मनात पियानो कधी आलाच नव्हता. आता उपाय एकच होता. साहेबांनी डोळे मिटून शिडीच्या गाडीला परवानगी दिली. "उंचावर जड वस्तू नेण्याचा सराव, असं म्हणू आपण," ते म्हणाले. "आणि मी काही बघितलेलं नाही."

त्या गल्लीत शिडीची गाडी शिरली म्हणजे चिमणीच्या घरट्यात हत्ती. मामाने संधी साधून भोंगा वाजवला. झालं! गल्ली हादरली. खिडक्या उघडल्या. पहिल्या मजल्यावरचे काका अर्धी दाढी केलेली, तोंडाला फेस, काखेत पोपटाचा पिंजरा, असे धावत खाली आले.

"कुठे लागली? कुठे लागली?"

"कुठेही नाही, काका. पियानो आलाय."

"पियानोला लागली?"

"काका, आग नाहीये!"

"मग मला का खाली आणलंत?" काका भडकले, पण पियानो बघून पिंजऱ्यासकट तिथेच थांबले. अशी मजा रोज कुठे बघायला मिळते!

शिडीच्या टोकाला असतो त्या पाळण्यात पियानो दोरांनी घट्ट बांधला. शिडीताई काडीसारखी, ती उरलेल्या फटीत मावली. हातात गर्दीला सूचना द्यायचा कर्णा. खाली मामाने खटके धरले आणि पियानो डौलात आकाशमार्गे निघाला. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत भाऊची आई हातात झाडू घेऊन उभी होती.

"हे काय आणलंत?" ती गरजली.

"तुमची पेटी, आजी!"

"माझी पेटी? ती तर माणूस गेल्यावर आणतात! मला कुणी सांगितलं नाही मी मेले म्हणून!"

शिडीताईला ह्याचा अर्थ लागायच्या आत खाली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी गचके खात गल्लीत आली आणि बंबाच्या मागे धाडकन बंद पडली. स्टिअरिंगच्या चक्रावर शिकाऊ माणूस होता, तोच तो टूथब्रश पाठवणारा डेंटिस्ट. दुसऱ्या बाजूने वहिनी उतरली. तिने बंब बघितला, फेसवाले काका बघितले, पोपट बघितला. मग मान वर केली. तिच्या गॅलरीसमोर हवेत पियानो डुलत होता.

"शिडीताई!" वहिनी ओरडली. "हे काय आहे?"

"पेटी!" वरून कर्ण्यातून उत्तर आलं. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "मोठी!"

"अगं, मी ट्रंक म्हटलं होतं! पत्र्याची! कपडे ठेवायला!"

मामाने हळूच टोपी डोळ्यांवर ओढली. वर शिडीताईचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग पुन्हा लाल. आता ह्या बाईसमोर, भाऊच्या बायकोसमोर, हसायचं नाही, मेलं तरी हसायचं नाही, असं ती स्वतःला बजावत होती, आणि कर्ण्याचा खटका दाबलेलाच होता. आधी एक फुर्र आलं. मग एक खी. आणि मग ते सगळं हसू, वर्षभराचं तुंबलेलं, कर्ण्यातून शंभरपट मोठं होऊन गल्लीभर कोसळलं. पोपटाने तेच उचललं. खी खी खी.

वहिनी खालून बघत राहिली. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने तो हाताने दाबला. मग तिच्या नाकातून घोरल्यासारखा आवाज आला आणि ती बंबाच्या चाकाला टेकून पोट धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. मध्येच "ट्रंक!" एवढं म्हणायची आणि परत वाकायची. काका हसले, फेस उडाला. डेंटिस्ट हसला आणि त्याचं कोपर हॉर्नवर पडलं ते तिथेच राहिलं.

नेमका तेव्हा बंबातला वायरलेस खरखरला. बाजारामागे आग, शिडीची गाडी ताबडतोब पाठवा.

हसू टचकन तुटलं. तो आवाज आला की फायर ब्रिगेडच्या माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. "खाली घेतो!" मामा ओरडला; पण खाली जागाच नव्हती, अख्खी गल्ली माणसांनी भरली होती. पियानो घेऊन आगीवर जाता येत नव्हतं.

"आत घ्या!" गॅलरीतून हुकूम सुटला. भाऊच्या आईने झाडू फेकला होता. "आयुष्यभर ह्या घरात उपयोगाच्याच वस्तू आल्या. एक बिनकामाची येऊ दे! ओ दाढीवाले, पिंजरा ठेवा आणि वर या! ते चौघं, तुम्हीही! चला, पुढे सरका, दारात गर्दी करू नका, आत जागा आहे!"

चाळीस वर्षं जिचं ऐकून अख्खं गाव बसमध्ये पुढे सरकलं, तिच्यापुढे पाच माणसं काय टिकणार? धडधडत वर आली. गॅलरीच्या कठड्याची एक बाजू पान्याने सोडवली, पाळणा गॅलरीला टेकला, शिडीताईने दोर सोडले, "हं… आणि… ढकला!" पियानोला खालून चाकं होती हे कुणाच्या लक्षात नव्हतं. तो सगळ्या पट्ट्यांचा एकदम गडगडाट करत घरात शिरला, टेबलाला वळसा घालून गेला आणि फ्रिजला भेटल्यावरच थांबला.

"झाला का चढून? मग सोडा गाडी!" आजी म्हणाली.

शिडीताईला घेऊन पाळणा खाली आला, शिडी मिटली, पण गाडी सोडायची कशी? मागे ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आडवी. वहिनी डोळे पुसत पुढे झाली आणि तिचा आवाज एकदम शिकवणीतला झाला.

"डॉक्टर, रिव्हर्स टाका."

"मी रिव्हर्स अजून शिकलो नाही हो!"

"आज शिकताय. क्लच पूर्ण. हळू. मागे बघा, माझ्याकडे काय बघताय, मी मागे आहे का?" गाडी सरळ मागे गेली. आयुष्यात पहिल्यांदा सरळ गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी खिडकीतून हात हलवला आणि गाडी परत बंद पाडली, पण तोवर वाट मोकळी झाली होती. "आता मामा, तुम्ही! आरशात बघा!"

"अहो वहिनी, मी तीस वर्षं—"

"तीस वर्षं चक्र चुकीचं धरताय! डावा हात वर! या… या… या… थांबा!"

मामा तंतोतंत ऐकत गेला. एकाही भिंतीला, एकाही कुंडीला खरचटलं नाही. बंब गल्लीबाहेर पडला आणि भोंगा वाजवत सुसाट सुटला. बाजारामागे कचऱ्याचा ढीग पेटला होता, तोही रखवालदाराने दोन बादल्यांत आधीच विझवला होता. "उशीर केलात," तो म्हणाला. शिडीताईला पुन्हा हसू आलं, आणि त्याला वाटलं आपली चेष्टा करतायत.

ड्यूटी संपल्यावर, उजेड होता तोवरच, ती परत वहिनीकडे गेली. एका हातात कठडा बसवायचा पाना, दुसऱ्या हातात केंद्राच्या कोठीतली पत्र्याची ट्रंक. आत आजी पियानोवर एका बोटाने एकेक पट्टी तपासत होती. पार उजवीकडची एक पट्टी दाबल्यावर ती थबकली. परत दाबली. दोनदा. टिंग-टिंग.

"डबल बेल!" तिचा चेहरा उजळला. "अगदी आमच्या गाडीची!" आणि मग ती तेवढंच वाजवत बसली.

वहिनी आणि शिडीताईने कठडा घट्ट केला, मग खाली बसून कपडे ट्रंकेत ठेवले. निळा स्वेटर हातात आल्यावर शिडीताईचे खांदे हलायला लागले.

"हस," वहिनी म्हणाली. "तो सांगायचा मला. म्हणायचा, शिडीवर वारा जास्त असला की ही हसते, आणि मग मी खटके आणखी घट्ट धरतो. परवा तू जिन्यात हसत पळालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं. इतर येतात ते दारातच आवाज बारीक करतात. ब्लँकेट पुढे करतात आणि तोंड असं, की आता मीच त्यांचं सांत्वन करायचं. किती जणांचं करू?"

ह्या वेळी शिडीताईला हसू आलं नाही. ती सरळ रडली. नीट, पद्धतशीर, नाक ओढत. वहिनीही. आजीने तिकडून टिंग-टिंग केलं आणि म्हणाली, "चहा टाकते. कुणी उतरू नका."

तेव्हापासून शिडीताई एकटी कुणाच्या दारात गेली नाही. वहिनी बरोबर असायची. आधी वहिनीने मागच्या खोलीतला ढीग बघितला आणि डोक्याला हात लावला. मग दोघींनी ठरवलं: आधी जायचं, बसायचं, चहा मिळाला तर प्यायचा, आणि काय हवंय ते दोनदा विचारायचं. पेटी म्हटलं तर तीनदा. एका घरी गळका नळ दुरुस्त करून हवा होता, एका घरी दर शनिवारी कुणीतरी पत्ते खेळायला. हे सगळं कुठल्याच खोक्यात नव्हतं. हळूहळू दुसऱ्या केंद्रांतूनही त्यांना बोलावणी यायला लागली.

अशाच एका बोलावण्यावरून त्या लांबच्या गावी गेल्या, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून. दुसऱ्या केंद्रातला एक जवान नदीकाठच्या कारखान्याच्या आगीत गेला होता, त्याचे वडील तिथे एकटे राहायचे. वयाने पिकलेले, कान तिखट, बोलणं तोडून.

"काही नको," ते म्हणाले.

दोघी बसल्या. चहा झाला. वहिनीने परत विचारलं. म्हाताऱ्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. अंगणात मुलाची छोटी लाल गाडी उभी होती, धुऊन पुसून लख्ख.

"रोज पुसतो," ते म्हणाले. "चालवता येत नाही. लोक म्हणतात, विका. मला एकदा… नाही, जाऊ दे. ह्या वयात हसतील लोक."

"हसणारं माणूस आम्ही बरोबरच आणलंय," वहिनी म्हणाली आणि उठली. "किल्ली द्या, आजोबा. आणि चप्पल काढून बूट घाला."

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात आजोबा चक्र छातीशी धरून बसले, शेजारी वहिनी, मागे शिडीताई. गाडीने पहिल्यांदा बेडकासारखी उडी मारली. दुसऱ्यांदा दोन मारल्या. तिसऱ्यांदा ती चालायला लागली, आणि मग थांबायचं नावच घेईना. मैदानात चरणाऱ्या बकऱ्या चौफेर उधळल्या.

"ब्रेक, आजोबा!"

"ब्रेक कशाला?" म्हातारा ओरडला. त्याचे पांढरे केस वाऱ्यावर उभे राहिले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो खदखदा हसत होता. "आत्ता कुठे चालली आहे! अजून एक फेरी! मुली, तू मागे काय खिदळतेस? काच खाली कर, वारा येऊ दे!"